शेंदराखालची अक्षरं

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या गावाचं नावही आता कुणाला आठवत नाही. गावाच्या मधून ओढा वाहायचा. ओढ्याच्या अलीकडे गोड्या पाण्याची विहीर होती आणि विहिरीच्या काठावर एक उंच शिळा. शिळेवर अक्षरं कोरलेली होती, पण वाचता येणारं गावात कुणीच नव्हतं. मग लोकांनी काय करावं? दर पाडव्याला तिला शेंदूर फासायला सुरुवात केली. कळत नाही त्याला हात जोडून मोकळं व्हायचं, ही आपली जुनीच खोड.

शेंदूर लावायचा तो म्हातारा दवंडीवाला, आणि लावून झाला की हलगी वाजवायचा. "ऐका हो ऐका! शिळा सांगते, ओढ्यापलीकडच्यांनी विहिरीला शिवू नये हो!"

त्यामुळे पलीकडच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन लांब बसायच्या आणि अलीकडच्या बायका पाळीपाळीनं त्यांना वरून पाणी घालायच्या. ती पाळी कुणालाच नको असायची.

एका उन्हाळ्यात पलीकडे नवी सून आली. तिच्या माहेरी एक वैद्य मुलींनाही अक्षरं शिकवत असे, त्यामुळे तिला वाचता येत होतं. एक दिवस तिची सासू तापानं फणफणली. सून पहाटेच घागर घेऊन आली, पण ऊन डोक्यावर आलं तरी पाळीची बाई फिरकली नाही. घरी म्हातारी पाणी पाणी करत असेल, या विचारानं तिचा जीव कासावीस झाला.

तेवढ्यात तिची नजर शिळेवर गेली. उन्हानं शेंदराचा पोपडा सुटला होता आणि आत कोरलेल्या दोन ओळींची टोकं दिसत होती. वाटेनं दवंडीवाला चालला होता. तिनं त्याला हाक मारली.

"आजोबा, इथं तर 'सर्वांचे' असं लिहिलंय. तुम्ही वाचलं नाही?"

म्हातारा शिळेजवळ आला. "पोरी, मला कुठं वाचता येतंय? माझा बाप सांगायचा, तेच मी सांगतो. त्याला त्याच्या बापानं सांगितलं."

मग त्यानं पोहरा विहिरीत सोडला आणि आधी तिची घागर भरली.

ही गोष्ट पाटलाच्या कानावर गेली. तो उसळला. "ती तिच्या सोयीचंच वाचणार!"

"बरोबर आहे," सून म्हणाली. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमची पोरं महिनाभर माझ्याकडे पाठवा आणि त्यांच्याकडूनच वाचून घ्या."

पाटील तयार होईना. तेव्हा दवंडीवाल्यानं हलगी खुंटीला टांगली. "खरं काय ते कळेपर्यंत मी तोंड उघडणार नाही."

झालं! बाजार कधी, बैठक कधी, कुणाची म्हैस हरवली, कुणाला काही कळेना. आठ दिवसांत गाव मेटाकुटीला आलं आणि पाटलानं आपली नातसुद्धा शिकायला पाठवली.

ओढ्याच्या कोरड्या वाळूत दोन्हीकडची पोरं एकत्र बसली. वाळूत बोटानं अक्षरं उमटू लागली. तोवर पलीकडच्या घागरी म्हातारा स्वतः भरत होता.

महिना संपला. सारं गाव विहिरीवर जमलं. "शेंदूर चढवणारा मीच, उतरवणाराही मीच," म्हणत म्हाताऱ्यानं शेंदूर खरवडला. पाटलाची नात अडखळत वाचू लागली, "ही विहीर... ओढ्यापलीकडच्या लोकांनी खणली. पाणी सर्वांचे आहे."

पाटलानं मान खाली घातली. गर्दीतून कुणीतरी विचारलं, "आणि उलटं लिहिलेलं निघालं असतं तर?"

"तर आपण नवी शिळा कोरली असती," सून म्हणाली. "तहान काय शिळेला विचारून लागते?"

अलीकडच्या बायकांनी तर सुटकेचा निःश्वासच टाकला. "सुटलो गं बाई त्या पाळीतून!" त्या म्हणाल्या, आणि दोन्हीकडच्या बायका खळखळून हसल्या.

म्हातारा मात्र रडत होता. "चाळीस वर्षं मी खोटं ओरडलो गं पोरी."

"आवाज अजून खणखणीत आहे, आजोबा. आता खरं ओरडा."

त्यानं डोळे पुसले, हलगी घेतली आणि पंचक्रोशीतल्या गावोगावी नवी दवंडी दिली. "ऐका हो ऐका! पाणी सर्वांचं हो! आणि माझंही नुसतं ऐकू नका, पोरांना वाचायला शिकवा!"

दुसऱ्या दिवशी, एव्हाना तापातून बरी झालेली सासू सुनेचा हात धरून विहिरीवर आली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतः पोहरा ओढला आणि ओंजळ भरून पाणी प्यायलं.

तात्पर्य: ऐकीव गोष्ट पुढं सांगत राहिलं की भेद वाढतो; शिकून, पडताळून खरं सांगितलं की तो मिटतो.