ऐसपैस पिंजरा

बांबूच्या वस्तूही बोलायच्या, त्या काळातली ही गोष्ट. रायाप्पा बुरुडाने कुत्र्याचं पिल्लू आणलं. ते रोज नव्या सुपांवर मुतायचं. "अहो, आणखी एक जरी सूप नासलं, तर याला वेशीबाहेर सोडून या," त्याची बायको शेवंता म्हणाली.

रायाप्पाने मायेने ऐसपैस पिंजरा विणला. पिल्लू एका कोपऱ्यात घाण करायचं आणि दुसऱ्या कोपऱ्यात खुशाल झोपायचं. मग रायाप्पाने जेमतेम कूस बदलता येईल एवढाच लहान पिंजरा विणून पिल्लाला त्यात ठेवलं.

"काय हा दुष्टपणा! माझ्यात केवढी जागा होती," मोठा पिंजरा म्हणाला.

"म्हणूनच तर," लहान पिंजरा म्हणाला. "स्वतःच्या अंथरुणात कोण घाण करतं?"

पिल्लाने धरवेल तोवर लघवी धरून ठेवली, मग ते कुंईकुंई करू लागलं. रायाप्पाने हातातलं काम टाकून त्याला अंगणात नेलं. दर वेळी नेलं.

महिन्याभराने लहान पिंजऱ्याचं दार काढलं आणि मोठा पिंजरा अंगणात ठेवला. "आता मोकळा आहेस, ये माझ्यात झोपायला," मोठ्या पिंजऱ्याने पिल्लाला हाक मारली.

पिल्लू आलं, त्याला हुंगून तिथेच निवांत मुतलं आणि घरात जाऊन लहान पिंजऱ्यात झोपलं.