चाकं आडवी जात नाहीत

“...पण मग बॉल मला कधी मिळणार, अक्का?”

“नाही मिळणार.”

“अख्ख्या मॅचमध्ये?”

“अख्ख्या मॅचमध्ये. त्यांचा तो दाढीवाला बघितलास? त्याच्या वाटेत खुर्ची नेऊन लावायची आन् गप थांबायचं.”

भरतेशचं डोकंच फिरलं. फिरणारच की! गडी साधासुधा नव्हता. जयसिंगपूरच्या पंचक्रोशीत खो-खोला असा पळणारा झाला नाही, असं लोक म्हणायचे, आणि लोकांच्या आधी तो स्वतः म्हणायचा. मोटारसायकलवरून पडला, पाय गेले, पण ऐट कुठं जातेय? ती त्याच्याबरोबर खुर्चीत येऊन बसली.

तारामतीअक्का ही व्हीलचेअर बास्केटबॉलमधली त्याची गुरू. लहानपणीच पोलिओ झालेला, त्यामुळं सगळा जन्म खुर्चीत. केस पिकलेले, हात काडीसारखे, मांडीवर कायम भाजक्या शेंगांची पुडी. बोलणं कमी, चावणं जास्त.

थोड्याच वेळात सातारकरांशी सामना होता. पहिल्या रांगेत भरतेशची आई ठेवणीतली साडी नेसून बसली होती.

“अक्का, पाय गेल्यावर मी किती दिवस घराबाहेर पडलो नव्हतो, ठाऊक आहे ना तुम्हाला? आज आईला हौसेनं आणलंय. म्हटलं, बघ, तुझा पोरगा परत खेळतोय. आता तिला काय दाखवू? नुसता बसलेला पोरगा? तो तर ती घरात रोज बघत होती...”

त्यानं खुर्ची दाराकडं वळवली.

“तसंच असेल तर मी आत्ताच घरी जातो. परत यायचा नाही.”

अक्कानं एक शेंग फोडली.

“बरं. मला चुकवून त्या बास्केटपर्यंत जाऊन दाखव. गेलास तर अख्खी मॅच बॉल तुझा.”

भरतेश मनातल्या मनात हसला. हात्तिच्या! एवढंच?

चेंडू मांडीवर घेतला. चाकं दोनदा ढकलली, नियमाप्रमाणं चेंडू एकदा जमिनीवर आपटला, आणि अक्का समोर आली तशी त्यानं डावीकडं हूल दिली.

अहाहा, काय हूल ती! खांदा गेला, मान गेली, डोळे गेले. खुर्ची तेवढी जागच्या जागी राहिली.

चाकं पुढं जातात, मागं जातात. आडवी उडी काही मारत नाहीत. हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण त्याच्या अंगाला कोण सांगणार? कमरेला पट्टा होता म्हणून निभावलं, नाहीतर पालथाच पडायचा.

तो मागं सरकला, वळला. वळेपर्यंत अक्काची खुर्ची पुन्हा समोर. उजवीकडून गेला, तिथंही अक्का. शेंगा चालूच.

“सरका की, अक्का!”

“मी कुठं तुला धरलंय?”

तेवढ्यात पलीकडं जाळी सळसळली. संघातली नफिसा, सगळ्यांत हळू पोरगी, अक्काच्या पाठीमागून दुसरा चेंडू घेऊन निवांत गेली होती आणि बास्केट करून टाळ्या पिटत होती. एरवी सरावात भरतेश तिला बास्केटच्या जवळपाससुद्धा फिरकू द्यायचा नाही.

भरतेशनं नफिसाकडं बघितलं. अक्काकडं बघितलं. आपल्या दणकट दंडांकडं बघितलं... आणि त्याला जे हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. पाय गेल्यापासून असा खदखदून तो हसलाच नव्हता. आईनं लांबूनच मान उंच करून पाहिलं.

त्याचं हसणं ओसरेपर्यंत अक्का थांबली.

“तुमच्या खो-खोत तू पळायचास, तवा बाकीचे काय करायचे रं?”

“बसायचे.”

“आठच्या आठ?”

“आठच्या आठ.”

“मग त्यांच्या आया बघायला यायच्या का नाही?”

भरतेशनं पहिल्या रांगेतल्या आईकडं बघितलं.

पंचांची शिट्टी झाली.

खेळाडू मैदानात उतरू लागले. भरतेशनं पट्टा करकचून आवळला. खुर्ची रेषेवर आणली आणि तो दाढीवाला कुठं आहे ते नीट बघून ठेवलं. आई हात हलवत होती. त्यानंही हलवला. बॉलचं नाव काढलं नाही.

मागून चाकांचा आवाज आला. त्याच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या बरोबर मधोमध, शेंगांच्या टरफलांनी माखलेला एक हात पडला.

“खो!” अक्का म्हणाली.