बाईंची मांडणी

"…पण दोन्हींतलं एकच घ्यायचं तर कोणतं, बाई?"

कर्णिक बाई ऐकत होत्या. मिरजेच्या कॉलेजात त्यांनी पंचवीस वर्षं प्रोग्रॅमिंग शिकवलं होतं. काचबिंदूने दृष्टी गेल्यालाही आता सहा वर्षं झाली होती. घरात एकट्याच वावरायच्या. अडलेले विद्यार्थी अजून येत.

शार्दूल मात्र अडून आला नव्हता. शाबासकी घ्यायला आला होता.

रक्तपेढीचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या गटाचा तो नवा प्रमुख. काम तेच ठेवून जुना कोड नीटनेटका करून देणारी दोन प्लगिन त्याने हेरली होती. दोन्हींच्या तुलनेचा एकेचाळीस मुद्द्यांचा तक्ता केला होता.

"एक झपाट्याने नावं बदलतं, लांबलचक फंक्शनचे तुकडे करतं. दुसरं सावकाश, पण खोलवर सुधारतं."

"आतापर्यंत हा कोड कोण बघत होतं?"

"उघडे म्हणून एक जण आहे. अकरा वर्षं. तो म्हणतो, दोन्ही नकोत. सवय झालीय त्याला पसाऱ्याची."

"का नको म्हणतात ते?"

"…विचारलं नाही."

बाई म्हणाल्या, "चहा ठेवतोस?"

स्वयंपाकघरात शिरताच शार्दूल थबकला. मांडणीवर चहापत्तीशेजारी काडेपेटी, साखरेपुढे गोळ्यांची बाटली, हळदीच्या डब्याला गुंडाळलेला रबरबँड. पाणी उकळेपर्यंत त्याने सगळं लावून टाकलं. मोठे डबे मागे, लहान पुढे, वरची मेथी खाली, औषधं वरच्या कप्प्यात. रबरबँड कचऱ्यात. बाईंसाठी आपण काहीतरी केलं, असं वाटून तो खूश झाला.

बाई आत आल्या. दुपारची गोळी घ्यायची होती. सरळ मांडणीपाशी गेल्या, हात पुढे केला…

हात रिकाम्या फळीवर टेकला. थोडा डावीकडे सरकला. मग उजवीकडे. मेथीचा डबा लागला. तो त्यांनी चाचपला, परत ठेवला.

स्वतःच्याच घरात त्या पाहुण्यासारख्या उभ्या राहिल्या.

शार्दूल पुढे झाला.

"बाई, मी… जरा नीट लावलं."

"छान दिसत असेल."

त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच जास्त लागलं. तो घाईघाईने डबे उचलू लागला, पण कुठला कुठे होता, काही केल्या आठवेना.

"तुम्ही सांगा, बाई. मी ठेवतो."

बाई सांगत गेल्या. तो ठेवत गेला. रबरबँड हळदीला, कारण तिखटाचा डबा अगदी तसाच. गोळ्या साखरेपुढे, म्हणजे चहाच्या वेळी विसरायला होत नाही.

"मेथी मात्र तू खाली आणलीस, ती तिथेच राहू दे. वर हात पुरेनासा झालाय माझा."

चहा पार गार झाला होता. दोघांनी तसाच घेतला.

निघताना, चपला घालता घालता, शार्दूलने चाचरत विचारलं, "मग… प्लगिन कोणतं?"

"दोन्ही चांगली वाटतात," बाई म्हणाल्या. "उघडेंच्या शेजारी तुझ्यासाठी एखादी खुर्ची मावेल का रे?"