न वळलेली मान

"सूर्य मावळायच्या आत भिंतीराव सापडला नाही, तर चाळीसही जण जन्मभर तळघरात!" सोमराजाने दरबारात हुकूम सोडला आणि मनकर्णा परटीण गर्दीतून पुढे आली. त्या चाळिसांत तिचा नवरा होता.

जुलमी चंडप्रतापाचं राज्य नुकतंच बुडालं होतं. तो मेला, सोमराजा गादीवर आला, पण चंडप्रतापाच्या हेरखात्याचा नायक निसटला. घराघरातली कुजबुज त्याला कळायची, म्हणून लोक त्याला भिंतीराव म्हणत. बारा वर्षं त्याने पडद्याआडून कारभार केला, त्यामुळे त्याचं तोंड कुणीच पाहिलेलं नव्हतं. तो वेष पालटून खिंडीतून पळणार अशी खबर आली आणि शिपायांनी त्या दिवशी खिंडीत सापडलेले सगळे पुरुष बांधून आणले.

"महाराज, मी त्याला ओळखला तर बाकीचे सोडाल?" मनकर्णेने विचारलं.

"सोडीन. पण प्रधानजी आठ दिवस चौकशी करून थकले. तू काय करणार?"

"त्यांनी दरडावलं असेल. मी हसवते."

ती रांगेपुढे उभी राहिली. "ऐका हो. चंडप्रताप महाराज एकदा आरशापुढे गेले. आरशातल्या माणसानं आधी मुजरा केला नाही, म्हणून आरशाला शंभर फटके मारवले. मग काय, एकाचे शंभर महाराज झाले, आणि एकही मुजरा करेना!"

रांग खो खो हसली. शिपाई हसले. राजाही हसला.

मनकर्णेने एका घोंगडीवाल्याकडे बोट केलं. "हा तुमचा भिंतीराव."

"माझं काय चुकलं, बाई? सगळ्यांसारखा मीही हसलो."

"हसलात. पण हसण्याआधी सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. बारा वर्षांची सवय लगेच जाते होय? आमच्या ह्यांनी पाहिलं, शिपायांनी पाहिलं. महाराज, तुम्हीसुद्धा पाहिलंत. ह्यानं तेवढं पाहिलं नाही. आमच्या मागे हा असायचा, ह्याच्या मागे कोण असणार?"

"मान आखडली असेल त्याची," प्रधानजी कुरकुरले.

"मग विचारते. काय हो घोंगडीवाले, सगळ्यांत आधी कोण हसलं?"

"डावीकडून सातवा," तो पटकन म्हणाला. "मग तो तांबट. प्रधानजी उपरण्याआड, दोनदा." आणि त्याने जीभ चावली.

शिपायांनी त्याला धरलं. बाकीच्या एकोणचाळीस जणांचे दोर सुटले.

"बक्षीस माग," राजा म्हणाला.

"त्याचा मखमली पडदा द्या. बारा वर्षं मीच धुतला, पण तो कान टेकायचा तिथला तेलाचा डाग काही निघाला नाही. तेवढा कापून टाकते, उरलेल्यात पोरीचे दोन परकर होतील. आणि अजून एक गंमत ऐका."

"सांग."

"एक राजा होता. एक चोर धरायला त्यानं एकोणचाळीस साव बांधले, आणि चोर ओळखायला परटीण लागली."

प्रधानजींनी हळूच मागे वळून पाहिलं. राजा मात्र एवढा हसला की त्याचा मंदील कानावर घसरला.

"पडद्याबरोबर हिला दोन दुभत्या गाई द्या," तो डोळे पुसत म्हणाला. "आणि प्रधानजी, हसा की! मागे कुणी नाही."