गज पोटात

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा धुकं सकाळी तळ्यातून उठायचं, घराघरांत डोकवायचं आणि मगच डोंगरावर जायचं. त्या तळ्याकाठी एक राज्य होतं आणि तिथले लोक दगड ओतायचे. हसू नका, खरंच ओतायचे! भाजलेला चुना, वाळू, खडी नि पाणी कालवायचं, लाकडाच्या साच्यात ओतायचं, की काही दिवसांनी त्याचा अखंड दगड व्हायचा.

हा ओतीव दगड मोठा गुणी. त्याच्यावर हत्ती उभा करा, हूं की चूं करायचा नाही. पण ओढ मात्र त्याला सोसायची नाही. जरा ताणला की तडकला! म्हणून साच्यात आधी लोखंडाचे गज मांडायचे आणि मग वरून दगड ओतायचा. दाब दगडाने झेलायचा आणि ओढ गजांनी, असा त्या दोघांचा संसार.

त्या राज्यात एक राजगवंडी होता. त्याने इतके पूल बांधले होते, की लोक ओढ्यात पाय भिजवायचंच विसरले होते. त्याच्या गुरूने शेवटच्या घटकेला त्याला जवळ बोलावून सांगितलं होतं, "गज पोटात." पुलाच्या पोटात, म्हणजे खालच्या अंगाला, गज घालावेत. पूल दोन्ही टोकांना टेकलेला असतो. ओझं आलं की मधोमध वाकतो आणि त्याचं पोट ताणलं जातं, म्हणून. पण हे 'म्हणून' सांगायच्या आतच गुरूचा श्वास सरला. शिष्यांकडे उरले फक्त दोन शब्द, आणि ते झाले काळ्या दगडावरची रेघ.

एके दिवशी राजमातेने राजगवंड्याला बोलावलं. राजमाता आंधळी होती. राजगवंडी लहानपणीच पोरका झालेला. तेव्हा हिनेच त्याला आपल्या ताटातलं भरवून वाढवलं होतं. तिच्यासाठी तो चांदण्यालाही साचा लावायला निघाला असता.

"मला पाण्यावर बसायचंय रे," ती म्हणाली. "महालाच्या भिंतीतून एक सज्जा काढ, थेट तळ्यावर. पण खाली खांब नको हं. खांबावर पाणी आपटत राहतं, मग ते मनातलं काय बोलतं ते मला ऐकू येत नाही."

"बांधतो की, आईसाहेब! धुक्यावर ठेवल्यासारखा बांधतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो तळ्याकाठी उंबराखाली येऊन बसला. सगळीकडे धुकं. कुठे पाणी संपतं आणि कुठे आभाळ सुरू होतं, काही कळेना. उंबराची एक लांब फांदी पाण्यावर गेली होती आणि तिच्या टोकाशी एक म्हातारं वानर बसलं होतं.

"काय रे गवंड्या, कसला घोर लागलाय?" वानराने विचारलं. तेव्हा वानरं बोलायची, आणि मुख्य म्हणजे माणसं ऐकायची.

"सज्ज्याचा. एकीकडे भिंत आणि दुसरीकडे काहीच नाही. असलं मी कधी बांधलं नाही."

"मग ही फांदी बघ की! तीही एकीकडेच धरलेली आहे." वानराने टोकावर एक झोका घेतला. फांदी वाकली. "आता बुंध्याजवळ हात लाव. साल कुठे चुरगळली नि कुठे ताणली?"

राजगवंड्याने हात लावला. खालून साल चुरगळली होती. वरून मात्र ती ताठ ताणली होती, आता फाटते की काय अशी.

"ओढ वर आहे," तो पुटपुटला. "म्हणजे गज पाठीत हवेत?"

वानर उंबरं खायला लागलं.

राजगवंडी धावत कामावर आला आणि त्याने सगळं सांगितलं. त्याचा थोरला गुरुभाऊ गज बांधत होता. तो पोट धरून हसला.

"ऐका हो ऐका! आता माकडं गवंडीकाम शिकवणार! अरे, गुरूचा शब्द कुठे आणि माकडाचा कुठे? उद्या त्याच्या हाती कोलीतही देशील."

सगळे गवंडी खदखदून हसले. राजगवंडी खजील झाला. त्याच्या हाताला ती ताणलेली साल अजून जाणवत होती. पण चारचौघांत वेडा ठरायची लाज त्याहून मोठी निघाली. "बरं दादा, घाला पोटात," तो म्हणाला. गज खालच्या अंगाला मांडले गेले आणि वरून दगड ओतला गेला.

दगड वाळला. राजमातेने बसायचा दिवस ठरला. त्या दिवशी सकाळी सज्ज्याखालचे टेकू काढले आणि सज्जा धुक्यात एकटा उभा राहिला. सुंदर दिसत होता हो! बघणाऱ्यांनी श्वास रोखले.

राजगवंडी मात्र दारातच वाकून बघत होता. जिथे सज्जा भिंतीला भेटत होता, तिथे वरच्या अंगाला एक चीर होती, केसाएवढी. त्याने नखाने ती चाचपली. मागून राजाचा हात धरून राजमाता येत होती. तिचा एक पाय उंबरठ्यावर होता.

"थांबा, आईसाहेब!" तो ओरडला आणि दोन्ही हात पसरून दारात आडवा उभा राहिला.

"हा काय प्रकार आहे?" राजाने दरडावून विचारलं.

"महाराज, गज चुकीच्या जागी पडलेत. मला ठाऊक होतं. मी हसण्याला भ्यालो."

"केसाएवढ्या चिरेसाठी गुरूला खोटं पाडतोस?" गुरुभाऊ संतापला.

"भांडू नका," राजा म्हणाला. "आधी नुसता चौरंग जाऊ दे."

राजमातेचा दगडी चौरंग सेवकांनी दारातूनच बांबूंनी पुढे रेटला. तो टोकाशी पोचला मात्र, चीर बोटाएवढी झाली, मग वीतभर, आणि अख्खा सज्जा चौरंगासकट तळ्यात गेला. पाणी उसळलं. धुकं फाटलं आणि हळूहळू पुन्हा मिटलं.

"काय पडलं रे?" राजमातेने विचारलं.

"माझी लाज पडली, आईसाहेब," राजगवंडी म्हणाला. त्याला रडू आवरेना.

राजमातेने चाचपत त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "बरं झालं, एकटीच पडली. मला नाही घेऊन गेली. जा, आता पुन्हा बांध."

त्याने पुन्हा बांधला. या वेळी गज पाठीत, वरच्या अंगाला, भिंतीच्या पार आत महालाच्या जमिनीखाली नेऊन पक्के रोवलेले. दगड ओतताना कुणाच्या पायाने गज खाली दबू नयेत म्हणून त्याने वर फळ्या टाकल्या आणि सगळ्यांना फळ्यांवरूनच चालवलं. गुरुभाऊ सर्वांत पुढे होता, आणि हसत नव्हता. टेकू निघाले, तेव्हा राजगवंडी स्वतः टोकाशी जाऊन नाचला. मगच राजमाता जाऊन बसली. खाली पाणी अखंड वाहत्या बोलण्यासारखं बोलत होतं. ती दिवसभर ऐकत राहिली, जेवायलाही उठली नाही.

झालं, गोष्ट संपली असं वाटतं ना? नाही हो! पुढच्याच हंगामात राजगवंडी एका नव्या पुलावर गेला, तर तिथे तरुण गवंडी तालावर गज बांधत होते, "गज पाठीत! गज पाठीत!" आणि बांधत होते पुलाच्या पाठीत.

राजगवंड्याने कपाळावर हात मारला. मग साच्यात उतरून तो गज सोडायला लागला.

"का सोडता? तुमचाच तर शब्द," पोरं कुरकुरली.

"शब्द राहू दे," तो म्हणाला. "या पुलाला ओढ कुठे लागेल, ते सांगा. तोवर चुन्यात पाणी पडणार नाही."

पोरं पुलाच्या जागेवर आडवी फळी टाकून तिच्यावर बसली. फळी मधोमध वाकली. पोरं वाकून फळीच्या ताणलेल्या पोटाकडे बघायला लागली आणि त्यांचं गाणं आपोआप थांबलं. तो पूल म्हणे पिढ्यानपिढ्या उभा राहिला.

म्हणून, मुलांनो आणि थोरांनो: आधार सवयीच्या जागी देऊ नये, जिथे ओढ लागते तिथे द्यावा.