पाण्याकाठी ठेवलेलं गाठोडं

एकदा एका नव्या सुनेच्या कानी तिच्यासाठी नसलेलं एक वाक्य पडलं. बैलगाडीच्या आडोशाला सासूबाई सासऱ्यांना सांगत होत्या, "नवऱ्याचं नाव घे म्हटलं, तर उखाण्यातसुद्धा घामाघूम झाली पोर. अशी सून नशिबाने मिळते हो!"

सासरे व्यापारी, पारख त्यांच्या रक्तातच. ते म्हणाले, "आवाज नाही, हाच तर गुण."

सुनेने ते कौतुक नव्या नथीसारखं जपलं. नथ टोचते, पण चारचौघांत काढता येत नाही.

लग्नानंतर कुलदेवतेच्या दर्शनाला निघालेल्या या मंडळींनी उन्हं कलताना नदीच्या वाळवंटात मुक्काम केला. तिथे ना धर्मशाळा, ना झोपडी. वाळूत राहुटी उभी राहिली, तीन दगडांच्या चुलीवर भात चढला. सोबत आलेले कुळाचे वृद्ध आचार्य एका दगडावर टेकले.

पाण्याला गेलेली सून घागर बुडवता बुडवता थबकली. मघाचं नितळ पाणी गढुळलं होतं. नुकती तुटलेली हिरवीगार पानं वाहत येत होती. डोक्यावर आभाळ मात्र निरभ्र. तिचं माहेर नदीकाठचं. वरच्या डोंगरात वळीव कोसळला, की नदी आधी असाच निरोप धाडते, हे ती जाणून होती.

पण सांगायचं कसं? मोठ्यांना दिसलं असेलच की! तिने घागर ठेवली, आपलं गाठोडं तेवढं उचललं आणि उंच दरडीवर नेऊन ठेवलं. परत येते तो तिचा नवरा बैल धुवायला पात्रात उतरलेला, थेट मधल्या खडकापर्यंत. ती दोन पावलं पुढे झाली. ओठ मात्र मिटलेलेच.

"मुली, गाठोडं एवढं वर का गं?" आचार्यांनी विचारलं.

"असंच."

आचार्य दरड चढले, गाठोडं खाली आणलं आणि पाण्याच्या अगदी काठाशी ठेवलं.

"अगंबाई! तिच्या शालूने काय पाप केलं, आचार्य?" सासूबाई हसल्या.

"तिथं नको!" सुनेच्या तोंडून निसटलं.

"म्हणजे तुला काही कळलं आहे," आचार्य हलकेच म्हणाले. "मला ग्रंथ वाचता येतात, नदी नाही. मौन हे व्रत खरंच. पण ज्या मौनात आपलं तेवढंच गाठोडं कोरडं राहतं, ते व्रत नव्हे, ती चोरी. बोल आता. माझा आवाज त्या खडकापर्यंत पोचायचा नाही."

एवढ्यात गाठोड्याची गाठ भिजली. वरच्या वळणाआडून घरघर ऐकू येऊ लागली.

"अहो!" ती ओरडली.

सासरे वळले. सासूबाई वळल्या. वळायला हवा होता तो मात्र बैलाची पाठ चोळण्यात दंग.

तिने पदर खोचला.

"विश्वंभर!"

पात्रातला माणूस चमकून वळला. सासूबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली.

"बैल घेऊन वर या, आत्ताच्या आत्ता! सासूबाई, भात राहू द्या. मामंजी, तुम्हीही चला. नदी येतेय."