दलदलीत थबकलेली हत्तीण

पूर्वी कुरंगनगरावर धृतवर्मा नावाचा राजा राज्य करीत होता. राजाचे या कथेत काही काम नाही. पण राजा सांगितल्यावाचून काळ कळत नाही, म्हणून सांगितला. त्या काळी बोधिसत्त्व अरण्यात हत्तींच्या कळपाचा नायक होऊन जन्मला होता. देह एवढा थोरला, की बगळे त्याच्या पाठीवर घरटी बांधीत आणि हद्दीवरून भांडत.

एका वैशाखात वणवा पेटला. मागे आग, पुढे दलदल. आपण पुढे गेलो तर आपल्या भाराने वाट खचेल आणि मागच्यांना काही उरणार नाही, हे बोधिसत्त्वाने जाणले. शाल्मली नावाच्या हलक्या, तरुण हत्तिणीला त्याने पुढे घातले आणि स्वतः सगळ्यांच्या मागे, धगीत उभा राहिला.

शाल्मली सोंडेने चिखल ठोकी, नाद ऐके, मग पाऊल टाकी. तिच्या पाठीवर एक कोल्हा चढून बसला होता. नाव तर्कमुख. आश्रमाच्या कुंपणाबाहेर बसून वादविवाद ऐकता ऐकता पंडित झालेला.

"ताई, जमीन घट्ट आहे हे कशावरून?" त्याने विचारले.

"सोंड सांगते."

"आणि सोंड खरं बोलते हे?"

"पाय सांगतो."

"पायही तुझाच ना? सगळे घरचेच साक्षीदार!"

शाल्मली थबकली. खरेच, सोंडेची परीक्षा कोणी घेतली होती? आपले पाय तिला परक्याचे वाटू लागले. थांबल्या जागी ती रुतू लागली. मागे पिल्ले रडू लागली.

"आजोबा," ती ओरडली, "घट्ट जमीन कुठे आहे ते तुम्हीच सांगा! माझा माझ्यावर भरवसा नाही!"

"सांगतो," धुरातून बोधिसत्त्व शांतपणे म्हणाला. "पण ऐकशील कुणाच्या कानांनी?"

शाल्मलीने नकळत आपले कान फडफडवले.

"कोल्ह्याचं म्हणणं पटलं तुला?"

"पटलं म्हणून तर थांबले."

"मग पोरी, ज्या बुद्धीला ते पटलं, तिच्यावर तू आत्ताच विसंबलीस. ती काय उसनी आणली होतीस?"

"आणि चुकले तर?"

"चुकशील. तेही तुझंच पाऊल सांगेल."

"वाद पुरे, ताई!" तर्कमुख कळवळला. "चिखल माझ्या शेपटीला लागला!"

शाल्मलीने डावीकडे ठोकले, पाऊल टाकले. गुडघाभर रुतले. तिने ते ओढून काढले, आणि नवल म्हणजे भीती वाटली नाही; इथे नाही, एवढेच पाऊल म्हणाले होते. तिने उजवीकडे ठोकले. या वेळी नाद खोलातून आला, तळव्यातून गुडघ्यात, छातीत, गंडस्थळापर्यंत चढला. आजवर तिला वाटे, आपणच ठोकतो. धरणी उत्तर देते, हे तिला आज कळले. तिच्या अंगावर काटा आला. मग ती चालू लागली, आणि तिच्या पावलांत पावले टाकीत सगळा कळप.

शेवटी बोधिसत्त्व निघाला. त्याच्या पावलागणिक दलदल क्षितिजापर्यंत थरारे, कमळाची पाने उचलली जात आणि बसत. पाखरे मुकी झाली. काठावर शाल्मली पापणी न लववता पाहत राहिली: तिच्या तळव्याने जे ऐकले होते, त्यावरून आता डोंगर चालत येत होता.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तो कोल्हा म्हणजे हा आपला शंकेखोर तिरीटक. शाल्मली ती भिक्षुणी अंबसेना. आणि कळपामागे उभा राहिलेला गजराज मीच होतो." तिरीटकाने त्या दिवशी पुढचा प्रश्न विचारला नाही, असे सांगतात.

ही प्रज्ञापारमितेची, म्हणजे प्रज्ञेच्या पूर्णतेची, कथा. प्रज्ञेला उभे राहायला जागा लागते, आणि ती जागा म्हणजे स्वतःवरचा भरवसा.